अर्धा तुमचा, अर्धा आमचा

चालता चालता तिसरा गिअर सुटायला लागला की जुन्या ट्रॅक्टरचा मालक मिस्त्रीकडं जात नाही. तो आधी सायकलची फाटकी ट्यूब शोधतो. ट्यूबची पट्टी कापायची, एक टोक गिअरच्या दांडीला आणि दुसरं सीटच्या पायाला ताणून बांधायचं. आमच्या एचएमटीनं अख्खा गळीत हंगाम असाच ट्यूबच्या भरवशावर ऊस ओढला. भरल्या ट्रॉलीनिशी चढाला ट्यूब तुटली की पुतण्या दांडीला गुडघा लावायचा. पुढं पुढं तो रस्त्यानं चालतानाही गुडघा बाहेर काढून चालायला लागला, तेव्हा कुठं घरात मिस्त्रीचं नाव निघालं.

शहरातल्या माणसाला एचएमटी म्हटलं की मनगट आठवतं. आमच्याकडं ही तीन अक्षरं बोनेटवर आहेत. हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन २५ अश्वशक्तीचा २५११ निघाला, आणि २०१६ साली केंद्र सरकारनं ट्रॅक्टरचं ते युनिट बंद करायचं ठरवलं. कारखाना निवृत्त झाला. ट्रॅक्टरला मात्र तसं कुणी कळवलं नाही. इंजिन आजही पहिल्या सेल्फला उठतं.

मिस्त्रीनं आधी गोळी-स्प्रिंग बदलून बघितली. शिफ्टरच्या रॉडला खाचेत धरून ठेवणारी ती हरभऱ्याएवढी पोलादी गोळी म्हणजे गिअरबॉक्समधला सगळ्यात स्वस्त आजार. आमचा तो नव्हता. मग गिअरबॉक्सचा बोल्ट काढून ऑइल सोडलं, मिस्त्रीनं त्यात दोन बोटं बुडवून उन्हात धरली. बोटांवर चुरा चमकला.

"मधनं खोलायला लागतंय."

ट्रॅक्टरला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टनं जोडलेलं. तोच त्याचा कणा. म्हणून आधी पुढच्या अॅक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारायच्या, नाहीतर सुटं झालेलं इंजिन कुशीवर लवंडतं. मग जॅक लावून मागचं धड हळूहळू मागं ढकलायचं. अंगणात असा दोन तुकड्यांत ट्रॅक्टर उभा राहिला की गावातलं प्रत्येक माणूस येऊन मधल्या फटीत डोकावतो आणि एकच विचारतो, "नवा का घेत न्हाई?"

तिसऱ्या गिअरचे दात एका बाजूनं तासल्यासारखे निमुळते झाले होते. वजन पडलं की घसरणारच. तालुक्याच्या दुकानदारानं ट्रॅक्टरचं नाव ऐकून "लई भारी गाडी" म्हणून हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. शेवटी तो गिअर पिशवीत घालून एसटीनं कोल्हापूरला, उद्यमनगरात नेला. ज्या उद्यमनगरानं ऑइल इंजिनं घडवली, त्याला एक गिअर काय जड? टर्नरनं दात मोजले, मधले स्प्लाइन मोजले, व्हर्नियर लावला आणि गिअर परत पिशवीत घातला. "ईएन-३५३ मध्ये करून देतो, हार्डनिंगसकट. पण नमुना चांगला आणा. झिजलेल्यावरनं केला तर नवा झिजलेला होईल."

चांगला नमुना पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होता. शेजारच्या गावच्या अण्णांच्या गोठ्यामागं आमचाच जुळा भाऊ शोभावा असा एचएमटी उभा होता. इंजिन जाम, गिअरबॉक्स ठणठणीत. सीटखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. मी चहा घेऊन, पाऊसपाण्याचं बोलून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, ह्यो इकायचाय?"

"न्हाई. इंजिनाचं तेवढं काम केलं की चालू हुतोय," अण्णा म्हणाले. बशी खाली ठेवून त्यांनीही तितक्याच सहज विचारलं, "तुमचा भंगारात घालणार असं ऐकलं. किती किलोनं घालणार?"

पुढचे काही आठवडे आम्ही एकमेकांच्या ट्रॅक्टरच्या मरणावर टपून होतो. शेवटी मिस्त्रीच वैतागला. "तुमचं पुढचं धड, अण्णांचं मागचं. एका दिवसात जोडून देतो." तोडगा बिनतोड होता, म्हणूनच कुणालाच परवडणारा नव्हता. आरसी बुकात इंजिन नंबर आमचा आणि चेसिस नंबर त्यांचा. मग पाटी कुणाची? पेरणीला आधी कुणाच्या रानात? आणि दसऱ्याला हार घालायचा तो कुणाच्या दारात? अण्णांनी तर मागच्या धडात सीट येते, हा मुद्दा काढला. म्हणजे ट्रॅक्टरवर बसायचं अण्णांनी आणि समोर बोनेटवर धूर काढायचा आम्ही!

अखेर तह झाला. नमुन्यासाठी अण्णांनी आपला ट्रॅक्टर खोलू द्यायचा. गिअर परत येईस्तोवर आमचा डिझेल पंप त्यांच्या कपाटात तारण. कोंबडीची हलवाहलव आमच्या खर्चानं.

उद्यमनगराचा गिअर बसला. तिसरा आता सुटत नाही. उलट काढायलाच जोर लागतो. पंप, गिअर ज्याचे त्याला परत गेले. तेव्हापासून अण्णा मात्र दर बाजाराच्या दिवशी वाकडी वाट करून आमच्या बांधावर येतात. हात पाठीमागं बांधून इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहतात आणि मोठ्या आशेनं विचारतात, "धूर जरा जास्तच सोडतोय, न्हवं?"