युरोपला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी ऑटमपूर्व सूचना

परदेश प्रवासाची तयारी पासपोर्टपासून सुरू होते, असं पुण्या-मुंबईकडचे लोक समजतात. कोल्हापुरात ती फ्लेक्सपासून होते. ‘युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’ असा फलक तालमीच्या कोपऱ्यावर एकदा लागला, की माघारीची वाट बंद होते आणि कागदपत्रं आपोआप जमू लागतात. फक्त फ्लेक्सवरचा गॉगलवाला फोटो व्हिसाच्या अर्जाला चिकटवू नका. तिथं 35 बाय 45 मिलिमीटरचा, मागं कमानही नाही नि नेताही नाही, असा बिचारा चेहरा लागतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तीस हजार युरोचा वैद्यकीय विमाही सक्तीचा आहे.

तारखा ठरवणं सोपं आहे. दसरा चौकात सोनं लुटल्याशिवाय तुम्ही हलणार नाही, आणि अभ्यंगस्नान चुकवलंत तर घरात कुणी बोलणार नाही. मध्ये जे दिवस उरतात, त्यांनाच आपल्याकडे युरोपचा ऑटम म्हणतात.

या दिवसांत इथं ऑक्टोबर हीट असते, त्यामुळे थर्मलची खरेदी घाम पुसत करावी लागते. दुकानदार हसेल, हसू द्या. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे, आणि वरून पाणी न झिरपणारं जाकीट हवंच. आपण पावसाळा पंचगंगेवरून मोजतो, म्हणून ऑगस्ट सरला की छत्री माळ्यावर जाते. फ्लॉरेन्सची आर्नो नदी मात्र शहरात शिरली ती 4 नोव्हेंबरला, 1966 साली.

करकर वाजणारी चप्पल जरूर न्या, पण ओल्या दगडी रस्त्यावर घालू नका. कातडं भिजलं की सगळा रुबाब उतरतो. मिलानला पाऊस नसेल तेव्हा एक संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेवा. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चपलेसारखीच चप्पल जून 2025 मध्ये प्राडानं तिथं मांडली होती, कोल्हापूरचं नावही न घेता. तेव्हा मिलानकरांना अस्सल माल दिसला पाहिजे.

आता मुख्य विषय, म्हणजे चटणी. बॅग भरायला बसलात की गल्लीतल्या समस्त आक्का-काकी जमतील. “तिकडं सगळं आळणी असतंय, दोन किलो तरी असू दे की!” असा ठराव एकमतानं मंजूर होईल. विरोध करू नका. विरोध केला की तीन किलो होते. तिखटाची पूड केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत, ती चेक-इनच्या बॅगेतच टाकावी लागते. आपल्या चटणीला शस्त्राचा दर्जा मिळाला, याचं वैषम्य न मानता अभिमान बाळगावा. लोणच्याला 100 मिलिलिटरचा नियम लागतो, तेव्हा बरणीही खालीच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात अजिबात नेऊ नयेत; त्या पेट घेऊ शकतात. पेढे, खवा आणि सुकं मटण युरोपीय संघाच्या कस्टममध्ये जप्त होतं. भडंगाला कुणाची हरकत नाही, फक्त ते एअरपोर्टवरच संपतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, एवढं सांगून विजेचा विषय संपवतो.

वजन मार्केट यार्डातल्या ओळखीच्या काट्यावर करू नका. तो ओळख ठेवतो. विमान कंपनीचा ठेवत नाही.

राहिलं एक काम, आणि हे गमतीनं सांगत नाही. आपले छत्रपती राजाराम महाराज 1870 साली युरोपला गेले होते. परतीच्या वाटेवर, 30 नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. ते शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर हिंदू पद्धतीनं दहन झालं, आणि 1874 साली तिथं छत्री उभी राहिली. त्यांची प्रवासाची रोजनिशी 1872 मध्ये लंडनला छापली गेली. तुमच्या टूरच्या कार्यक्रमात ही जागा आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारा. नसेल तर एक दुपार मोकळी मागून घ्या. छत्री काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे, चालणं बरंच पडतं, बूट घाला.