वाडीचे वाइनवाले तात्या

ज्या गावात पाहुण्यापुढे आधी बासुंदीची वाटी येते, त्या नृसिंहवाडीत तात्या पाहुण्यापुढे आधी एक रिकामं भांडं ठेवतात. भांडं काचेचं; तळाशी ऐसपैस, गळ्याशी चिंचोळं, तोंड तिरकं कापलेलं. मुलानं ते जर्मनीहून दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळून आणलं. कुरुंदवाडच्या मेव्हण्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "दवाखान्यात कॉटखाली असतंय तसलं हे सोप्यात का मांडलंय?" तेव्हापासून मेव्हण्यांना त्या घरात फक्त चहा मिळतो.

भांड्याचं नाव डिकँटर. वाइन बाटलीतून काढून यात ओतायची, थोडा वेळ ठेवायची आणि मग प्यायची. ती थेट ग्लासात का ओतायची नाही, हे सांगायला तात्यांना पाऊण तास लागतो. तोवर पाहुण्याची शेवटची एसटी गेलेली असते.

तात्या हा एक माणूस नाही, प्रकार आहे. सांगलीत विश्रामबागेला आहे, जयसिंगपुरात आहे, इचलकरंजीत तर हमखास सापडतो. वय साठीच्या आगेमागे, नोकरी पाटबंधारे खात्यात किंवा बँकेत झालेली, पेन्शन वेळेवर, साखर बॉर्डरवर. उभ्या आयुष्यात दारूला शिवलेला नाही. मग एकदा मुलगा-सून नाशिकला नेतात, गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीत तासाभराची फेरी होते, ग्लास दांडीला धरायला शिकवणारा पोरगा तीनदा 'सर' म्हणतो, आणि परतताना गाडीत बसलेला माणूस घरच्यांना ओळखू येत नाही. तो पाण्याचाही ग्लास फिरवून हुंगतो.

इतिहास त्यांना विचारू नये. न विचारताही सांगतात. नारायणगावच्या श्यामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात फेसाळती वाइन केली आणि परदेशी धाडली. राजीव सामंतांच्या सुला वायनरीची पहिली बाटली 2000 साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिककडे विंचूरला, आपल्याकडे पलूसला वाइन पार्क काढले. नाशिकची भरभराट पलूसच्या वाट्याला आली नाही, इथं तात्या एक सुस्कारा सोडतात. मग अकलूज. तिथं मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन घरांनी मिळून 'फ्रातेल्ली' उभी केली. तीन घरांतले भाऊ एकत्र धंदा करतात आणि तो टिकतो, याचं तात्यांना वाइनपेक्षा जास्त नवल वाटतं. त्यांचा स्वतःच्या धाकट्या भावाशी बांधावरून दावा चालू आहे.

पिणं मात्र कायद्यानं. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावी नसतं. तात्यांनी हजार रुपये भरून आजीव परवाना काढलाय आणि तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. महापुरात घर सोडायची वेळ आली की ही पिशवी सगळ्यात आधी बाहेर पडते.

आता मुख्य विधी. तांबडी वाइन वर्षानुवर्षं मुरली की तिच्यातली रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना धरून गाळ होऊन बसतात. म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करायची, मानेमागे उजेड धरायचा, धार न तोडता हळूहळू ओतायचं आणि गाळ मानेशी आला की हात थांबवायचा. पुस्तकात मेणबत्ती सांगितली आहे. तात्यांनी एकदा समईकडे पाहिलं होतं. काकूंनी तात्यांकडे पाहिलं. तेव्हापासून मोबाइलची बॅटरी चालते. अडचण एवढीच, की तात्यांची बाटली असते दोन-तीन वर्षांची, कारखान्यातून स्वच्छ गाळून आलेली. तिच्यात गाळ नसतोच. तळाशी काही दिसलं नाही की तात्या चक्क खट्टू होतात.

मग दुसरं कारण पुढे येतं, ते म्हणजे हवा. कोवळ्या तांबड्या वाइनला हवा लागली की बंद बाटलीतला उग्र वास उडून जातो आणि फळांचा वास मोकळा होतो. "तिला जरा श्वास घेऊ दे," तात्या म्हणतात. "का, दमा आहे तिला?" काकू विचारतात. नुसतं बूच काढून ठेवण्यात अर्थ नाही, हे मात्र तात्यांना पक्कं ठाऊक आहे. बाटलीच्या मानेत हवा लागते ती रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेला. म्हणून तर पसरट तळाचं भांडं.

बोर्दोचे नामांकित वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचं म्हणणं निराळं होतं. डिकँट करायचं ते गाळासाठी, तेही अगदी पिण्याच्या आधी. तासन्‌तास हवेत ठेवली तर वाइनचा वासच हरवतो. ग्लासात ओतून फिरवली तरी हवं तेवढं काम होतं. हे पेनो तात्यांच्या पाऊण तासात कधीच येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले नेथन मिरवोल्ड. मायक्रोसॉफ्ट सोडून हा गृहस्थ स्वयंपाकाच्या शास्त्रात शिरला आणि त्यानं सांगितलं, की तांबडी वाइन सरळ मिक्सरमध्ये अर्धा-एक मिनिट फिरवा. मुलानं ही बातमी फोनवर दिली ती दुर्दैवानं काकूंना. "हवाच घालायची ना?" म्हणत त्यांनी मिक्सर लावला. तात्या पोचेपर्यंत शिराज गरगरत होती. शास्त्र बरोबर होतं, भांडं सकाळी लसणाची चटणी वाटलेलं होतं. मेव्हण्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाइन मिळाली आणि आवडली.

एका बाबतीत मात्र नवरा-बायकोचं एकमत आहे. पाहुण्यांपैकी कुणीतरी तांब्याच्या तांब्यात ओतायचं सुचवतोच. वाइन आंबट, आणि आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत कळकतो. ताक कळकलेलं दोघांनीही लहानपणी प्यायलंय.

पण तात्यांची खरी कसोटी डिकँटरमध्ये नाही, पंचांगात आहे. वाडी दत्ताची. गुरुवारी बाटली निघत नाही. पौर्णिमा, एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण, नवरात्र, सगळं वगळून जो दिवस उरतो त्या दिवशी साडेसातशे मिलीची बाटली फुटते. तात्यांची झेप एका ग्लासाची, फार तर दीड. पुढे काय? उघडलेली तांबडी वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस चांगली राहते, मग हळूहळू आंबून व्हिनेगरकडे निघते. बुधवारी उघडली की गुरुवार कोरडा, शुक्रवारी काकूंची संकष्टी, शनिवारी मारुती. तात्यांनी हवा ओढून घेणारा पंप मागवला. आर्गॉन वायूचा फवारा मिळतो म्हणे, त्याचीही चौकशी केली. तो वाइनवर पसरून हवा अडवतो.

काकूंनी हे सगळं लोणच्याची बरणी उघडता उघडता ऐकलं. लोणच्यावर बोटभर तेल कशासाठी ओततात, हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं. त्यांनी उरलेली वाइन कोकम सरबताच्या धुतलेल्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरली, वर हवेला जागाच ठेवली नाही, झाकण घट्ट लावलं आणि फ्रिजमध्ये विरजणाशेजारी ठेवली. उरलेल्या वाइनसाठी याहून चांगला उपाय जाणकारही सांगत नाहीत. हल्ली तात्या तो 'माझी पद्धत' म्हणून सांगतात. एकदा सोमवारी पाहुण्यांना त्याच बाटलीतून कोकम सरबत दिलं गेलं, एवढं सोडलं तर पद्धत बिनचूक आहे.

न उघडलेल्या बाटलीचं दुखणं वेगळं. तिला बारा-चौदा अंश तापमान हवं, अंधार हवा, सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा हवा, हादरे नकोत. बुचाची असेल तर आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची कशीही ठेवा. तात्या सगळ्याच आडव्या ठेवतात, कारण उभ्या बाटलीत रुबाब नाही. घरात अशी जागा एकच, जिन्याखाली. तिथून दहा फुटांवर रस्ता, आणि हंगामात त्या रस्त्यानं शिरोळच्या कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, वर डेक लावलेला. हादऱ्यांनी वाइन बिघडते असं तात्यांनी वाचलंय. ड्रायव्हरला आवाज कमी करायला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, झोप मोडली व्हय?" खरं कारण सांगायची सोय नव्हती.

मग त्यांच्या मनात पेव आलं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत हवाच नसे. तोंड उघडून बराच वेळ गेल्याशिवाय कुणी उतरायचं धाडस करत नसे. अंधार, गारवा, हवाबंद, सगळं जमून येत होतं. फक्त हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे आणि 2005च्या महापुरानं त्यातली बहुतेक पेवं खलास केली. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. जिथं नदी स्वतः देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारानं बाहेर पडते आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात, तिथं तळघर खणायला गवंडीही तयार होईना.

शेवटी माठ आले. ओल्या वाळूत बाटल्या निजवल्या. गारवा झकास मिळाला, दमटपणा सत्तरच्या कितीतरी पुढे गेला आणि दोन महिन्यांत सगळी लेबलं गळून वाळूत मिसळली. कॅबर्ने कुठली, शिराज कुठली, काही कळेना. तात्या नुसत्या चवीवर ओळखू लागले आणि रोज वेगळी ओळखू लागले. त्यांना हसण्यात अर्थ नाही. 2001 साली बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांपुढे पांढरीच वाइन लाल रंग घालून ठेवली, तर पोरांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं.

2019च्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं. वाडीचा माणूस कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे तोंडपाठ ठेवतो; 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. लोकांनी जनावरं सोडवली, ट्रंका माळ्यावर टाकल्या. तात्या ट्रॉलीत बसले ते मांडीवर डिकँटर घेऊन, आणि त्यात काकूंनी अर्धा किलो तूरडाळ भरलेली. तेवढंच एक भांडं घरातून कोरडं बाहेर आलं.

2022च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंजुरी दिली आणि रान पेटलं. द्राक्षशेतकऱ्याच्या भल्यासाठी, असं सरकार म्हणत होतं. तात्याही तेव्हापासून शेतकऱ्यासाठीच पितात. तासगावच्या पाहुण्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या बागेत थॉमसन आणि सोनाका, म्हणजे खायची द्राक्षं आणि बेदाणे. शिराज-कॅबर्नेची बारीक, जाड सालीची, बियांची द्राक्षं त्यांनी कधी लावलेलीच नाहीत.

वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी असा दंडक तात्या मे महिन्यातही पाळतात. तो दंडक युरोपातल्या सोळा-अठरा अंशांच्या खोल्यांचा आहे. तात्यांच्या सोप्यात तेव्हा पारा पस्तिशीच्या वर असतो. तेव्हा त्यांच्याकडे जाणार असाल तर गुरुवार सोडून जा, बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवायला काकूंना हळूच सांगा, आणि जेवणात तिखट असेल तर वाइन नंतर घ्या, टॅनिन तिखटावर जास्तच बोचतं. बासुंदी मात्र घाटाकडून येतानाच घ्या. ती डिकँट करावी लागत नाही.