पऱ्हाटीवरचा नाताळ

लेकीच्या शाळेत नाताळाचा कार्यक्रम झाला आणि घरी येऊन तिनं फर्मान काढलं, "बाबा, आपल्या घरी झाड पाह्यजे. बर्फासकट." बार्शीटाकळीत बर्फ दिसतो तो फक्त गोळ्याच्या गाडीवर, तोही उन्हाळ्यात. अकोल्याला प्लास्टिकचं झाड मिळत होतं. किंमत ऐकली आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. तो नेहमी किंमत ऐकूनच जागा होतो. गावात काळंका देवीचं बाराव्या शतकातलं कोरीव देऊळ आहे. त्याच्या खांबांशेजारी लहानाचा मोठा होऊनही सजावटीची अक्कल मला शिवली नाही, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे.

चुलतभावाच्या वावरात गेलो. कापसाची वेचणी संपत आलेली, पऱ्हाटी उभी. मला साक्षात्कार झाला: फांद्या आहेत, त्यांवर पांढराशुभ्र कापूस आहे, हेच तर बर्फाचं झाड! भावाला म्हटलं, एक उपटून दे.

"कायले, दादा? चुलीसाठी?"

"नाताळासाठी."

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "न्या बावा. मी तं जाळणारच होतो."

या वाक्यात इशारा होता, हे मला नंतर कळलं.

पऱ्हाटी मुरमाच्या बादलीत रोवली. माळ्यावरून दिवाळीचा आकाशकंदील काढला, त्याचा तारा झाला. लाइटची माळ अर्धीच लागली. उरलेल्या अर्ध्या भागावर कापूस पांघरला. येशूच्या जन्माचा गोठा पुठ्ठ्याचा केला. गव्हाण करायला विदर्भातल्या माणसाला शिकवणी लागत नाही. बैल मात्र तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, चाकांसकट. तो गोठ्यात मावेना, म्हणून गोठाच त्याच्या पाठीवर ठेवला. बायको म्हणाली, "हे बाळ जन्माले आलं का पोळ्यात पळवून रायले?"

राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या नाताळाच्या झाडाचं चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं, तेव्हापासून ही झाडं घरोघरी शिरली म्हणतात. पाचच वर्षांनी, 1853 मध्ये, इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला आणि पुढं आमचा कापूस त्यांच्या गिरण्यांकडे गेला. आता कापूसच झाडासकट दिवाणखान्यात आणून मी हिशेब चुकता केला, असं भाषण पाहुण्यांना दोन दिवस दिलं.

तिसऱ्या दिवशी लेक ओरडली, "बाबा, बर्फात गुलाबी गुलाबी काही चालून रायलं!"

किडून कवडी झालेल्या बोंडातून एक अळी बाहेर येऊन माळेच्या वायरीवर फिरत होती. 2017 साली याच गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या शेतकऱ्यांना रडवलं होतं. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढं रेटू नका, डिसेंबरातच पऱ्हाटी काढून विल्हेवाट लावा, असं कृषी विद्यापीठ तेव्हापासून कानीकपाळी ओरडतं आहे. मी पऱ्हाटी काढली होती. विल्हेवाटीचा पत्ता तेवढा चुकला.

पण लेकीनं झाड हलवू दिलं नाही. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी दिवे लावले तर आकाशकंदिलाभोवती बारीक करड्या पतंगांचं भजनी मंडळ जमलेलं. भाऊ आला, दारातच कपाळाला हात लावला. "दादा, वावरात कोणी फरदड ठेवत नाही अन् तुमी घरात घेतली?" त्यानं गाडीच्या डिकीतून कामगंध सापळा काढला आणि झाडाच्या शेंड्यालाच टांगला. वर नरसाळं, खाली लांब प्लास्टिकची पिशवी. लेक हरखली. "सांताचा मोजा!"

मग भावानं गंभीरपणे नियम सांगितला. सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापडले की नुकसानीची पातळी ओलांडली, फवारणी करावी लागते. दिवाणखान्यात? त्यानं सोफ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.

रात्री मी त्या मोज्याखालीच गादी टाकली. सकाळी लेकीनं पिशवी सोडून मोजले. पाच.

"यात फक्त नरच सापडतात," भाऊ फोनवर म्हणाला. "मादीच्या वासानं येतात."

बायकोनं चहाचा कप ठेवला. "मंग सहा लिहा," ती म्हणाली. "एक गादीवर आहे."