‘नवे मशीन घ्या’ म्हणणाऱ्यांस अनावृत पत्र

सर्वज्ञ सल्लागार महोदय यांस,


डीटीपीचे, म्हणजे पाने लावण्याचे, मशीन रेंगाळू लागले की आपण खुर्चीतून न उठता निदान करता, हे आपले सामर्थ्य वादातीत आहे. पान पुढे सरकत नाही? रॅम वाढवा. सेव्ह करताना पडदा गोठतो? नवे मशीन घ्या. नाडीही न पाहता थेट हृदय बदलायला सांगणारा वैद्य आपल्यापुढे फिकाच पडावा. तरीही एक बारीकशी शंका विचारतो. प्रोसेसर काही चपलेसारखा रोज थोडा थोडा झिजत नाही. मग जे काम गेल्या वर्षी सुरळीत चालत होते, ते त्याच मशीनवर हळूहळू का मंदावते? मंदपणा हळूहळू येतो तेव्हा बहुधा कुठेतरी काहीतरी हळूहळू साचत असते. शोधायचे ते साचण्याचे ठिकाण. पण अशा शोधाची पावती फाडता येत नाही, हीच आपली अडचण असावी.

पहिला संशयित म्हणजे खुद्द फाइल. इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साधे सेव्ह केले की अख्खी फाइल नव्याने लिहिली जात नाही, बदल जुन्या मजकुराला जोडले जातात. त्यामुळे गेल्या दिवाळी अंकाचीच फाइल उघडून, जुनी पाने पुसून यंदाचा अंक लावला, तर पुसलेल्याचेही ओझे सोबत येऊ शकते. ‘सेव्ह ॲज’ केले की फाइल नव्याने बांधली जाते आणि तिचा आकार उतरला, तर तोच पुरावा. हा शोध नवा नाही. १९८५मध्ये आलेल्या पेजमेकर या पाने लावण्याच्याच सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्यांत सेव्हसाठी ‘फास्टर’ आणि ‘स्मॉलर’ असे दोन पर्यायच होते. वेग आज हवा की हलकी फाइल उद्या, हे तिथे सरळ विचारले जाई. पेजमेकर निवृत्त झाला, पण तो प्रश्न आपल्यापर्यंत पोचलेला दिसत नाही. ‘सेव्ह ॲज’नेही भागले नाही, तर फाइल इनडिझाइनच्याच आयडीएमएल या दुसऱ्या फाइल-प्रकारात काढून पुन्हा उघडावी, आतली बरीच अडगळ त्यात गळून पडते. मात्र ओळी सरकल्या नाहीत ना, हे प्रूफावर ताडून पाहावे.

अर्थात, दोष दरवेळी फाइलचाच असेल असे नाही, म्हणून चाचणी हवी. कोरी फाइल त्याच मशीनवर पळते आणि जुनी अडखळते, तर दोष त्या फाइलचा. कोरीही अडखळत असेल, तर बिघडलेली प्रेफरन्सेस फाइल, भरत आलेली डिस्क आणि फॉन्टची गर्दी तपासावी. मराठी डीटीपीत ही गर्दी आपसूकच होते. युनिकोडपूर्व फॉन्टची प्रत्येक कंपनीची संकेतप्रणाली वेगळी, म्हणून जुनी पुस्तके उघडण्यासाठी सगळेच फॉन्ट जपले जातात आणि कामाला चार लागत असताना शेकडो चालू राहतात. सकाळी वेग असतो आणि दुपारी मंदावतो, पण सॉफ्टवेअर बंद करून उघडताच सुधारतो, तर मेमरी अडकून राहत असावी. लाइव्ह प्रीफ्लाइट बंद करताच जीव आला, तर पाठीमागे चाललेली ती अखंड तपासणीच भारी पडत होती.

आपण म्हणाल, नव्या मशीनवर फरक पडतोच ना! पडतो. वाढत्या कचऱ्याला मोठी खोली दिली की काही दिवस घर स्वच्छ दिसतेच. आपण म्हणाल, अंक छापायला जायच्या घाईत चाचण्यांना वेळ कुठला? कोरी फाइल उघडायला एक मिनिट पुरते. नव्या मशीनवर सगळे फॉन्ट चढवून जुनी पाने जुळवायला दिवस जातो. आणि मशीन खरोखरच अपुरे असते, तेव्हा आपला सल्ला बरोबरच असतो, हे मान्य. फक्त तो चाचणीनंतर द्यावा, आधी नाही.

तेव्हा विनंती इतकीच की, पुढच्या वेळी कोटेशन मागवण्याआधी एकदा ‘सेव्ह ॲज’ करून पाहावे. त्याला जीएसटी लागत नाही.

आपला,
एक सावकाश विचार करणारा