दिवसातून दोनदा बीडी

आमच्या गावाच्या पत्त्यात अक्षरांपेक्षा टिंबांचाच रुबाब मोठा. मु. पो. राळेगाव, ता. राळेगाव, जि. यवतमाळ. वडील पोस्टकार्डावर हा पत्ता लिहीत तेव्हा एकेक टिंब असं दाबून देत, की मागच्या बाजूला मजकुरात त्याचा फोड उठे. मजकूर सुरू व्हायचा ‘सा. न. वि. वि.’नं. साष्टांग नमस्कार घालायला त्यांना उभ्या आयुष्यात सवड मिळाली ती फक्त मारुतीच्या पुढ्यात. बाकी साऱ्या गोतावळ्याची बोळवण या चार अक्षरांवर, तीही १५ पैशांच्या कार्डात. आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. आपल्याकडे अख्खा माणूसच टिंबांवर उभा असतो म्हणा. लग्नपत्रिकेत चि., दारावरच्या पाटीवर श्री., आणि वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत कै. मधला श्री. तेवढा लांबतो, कारण त्याच्यामागे सोसायटीचं कर्ज असतं.

अशा मुलखात वाढलेल्या माणसाला संक्षेपांचं भय वाटू नये. पण भाची वर्ध्याला नर्सिंगच्या कोर्सला लागली, जीएनएमच्या पहिल्या वर्षाला, आणि सुटीत येताना आपली वही घेऊन आली. वहीत डावीकडे लाल शाईनं अक्षरं, उजवीकडे निळ्या शाईनं त्यांचा उलगडा. “मामा, उजवीकडचं झाका अन् विचारा मले.” जन्मभर शाळेत पोरांची परीक्षा घेतलेला माणूस मी, तळहातानं निळी शाई झाकून विचारत बसलो. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवण झाल्यावर. टीडीएस या नावाची निवृत्त मास्तराला जी धास्ती असते, ती तिच्या वयाला कळायची नाही. तिच्याकडे तर तो दिवसातून तीनदा!

औषधांच्या दुकानात ही अक्षरं मोठ्यानं उच्चारली की त्यांची खरी गंमत कळते. दुकानदार आतल्या पोराला ओरडून सांगतो, “हे बीडी, पाच दिवस,” आणि काउंटरला टेकलेल्या आजोबांचा चेहरा एकदम उजळतो. इतक्या वर्षांनी एखादा डॉक्टर माणसातला भेटला! मागे उभी असलेली सून काही बोलत नाही, फक्त पदर सावरते. जेवणाआधीच्या गोळीचंही तसंच. भाचीनं वॉर्डात सोबतिणीला ‘ही एसी हाय’ म्हणून सांगितलेलं एका बाईनं ऐकलं आणि तिचा जीव थोडा थोडा झाला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो, एसीत बसून घ्यायची गोळी कुणाला नको असेल? “पर बाई,” ती हळूच म्हणाली, “आमच्याइथं तं कूलर हाय. चालन का?”

ही अक्षरं इंग्रजी दिसतात, पण बहुतेकांचं माहेर लॅटिन. बीडी म्हणजे बिस दिए, एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपेची घटका. यातला होरा आपल्या ज्योतिषाच्याही घरचा; तो ग्रीकांकडून निघाला आणि दोन दिशांना दोन घरी दत्तक गेला. रोमचं साम्राज्य बुडून दीड हजार वर्षं झाली, तरी त्याची भाषा कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत राळेगावच्या चिठ्ठीवर येऊन बसते आणि एका म्हातारीला दोन वेळा गोळी घ्यायला लावते, हे मला फार थोर वाटतं. सिझरलासुद्धा इतक्या आतवर येणं जमलं नसतं.

डॉक्टरांचा वेळ वाचतो, यात शंका नाही. दुपारच्या आत ओपीडीची रांग संपवायची तर ‘सकाळी आणि रात्री, जेवण झाल्यावर’ असं प्रत्येकाच्या कागदावर कोण लिहीत बसेल? पण हा वाचलेला वेळ जातो कुठे, याचा माग काढत गेलं की तो औषधाच्या खिडकीपाशी सापडतो. तिथला माणूस गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापतो, कागदी पाकिटात सरकवतो आणि पाकिटावर पेननं उभ्या रेघा ओढतो. सकाळची एक, दुपारची फुली, रात्रीची एक. मग पाकीट उलटं फिरवून, बोट ठेवून, तेच तोंडानं सांगतो. म्हातारी मान हलवते, चार पावलं जाते आणि परत येते. तो पुन्हा सांगतो. टेबलावर जी दोन अक्षरं दोन सेकंदांत उमटली, ती उलगडायला खिडकीवर पाच मिनिटं मोडतात, आणि त्या पाच मिनिटांची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. साहेबलोकांनाही या आखूडपणाचा धाक आहेच. अमेरिकेत दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ पासून काही संक्षेपांवर चक्क बंदी घातली. त्यात इन्शुलिनच्या युनिटसाठी लिहायचा ‘यू’ पहिला, कारण घाईत तो शून्यासारखा निघतो आणि ४ युनिटचे ४० होतात. आपल्याकडे २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियम केला, की औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. शक्यतो. हा शब्द नियमात घालणारा माणूस नक्कीच डॉक्टरांच्या घरात वाढलेला असणार.

खिडकीवर जे उरतं, ते आशाताईच्या पदरात पडतं. तीही एक संक्षेपच. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याच्यासोबत ही अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट आली. मला वाटतं, दिल्लीत कुणीतरी आधी ‘आशा’ ठरवलं असावं आणि मग त्याला शोभेलसे इंग्रजी शब्द गोळा केले असावेत. गावानं ते चारही सोडून दिले आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. या आशाताईच्या रजिस्टरात एलएमपी नावाचा रकाना असतो, शेवटच्या पाळीची तारीख. दिवस राहिलेल्या बाईला तारीख विचारली तर ती आढ्याकडे बघते. तारखा असतात सोसायटीच्या हप्त्याला. “पोया झाला, अन् तान्ह्या पोयाच्या दिवशी,” ती आठवून सांगते, आणि आशाताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते. यंदाचा तान्हा पोळा समजा २३ ऑगस्टला आला, तर त्यात सात दिवस मिळवायचे, नऊ महिने पुढे जायचं. ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख, निघते ३० मे. शंभराहून अधिक वर्षं डॉक्टर हाच हिशेब करत आलेत, आमच्याकडे त्याची सुरुवात तेवढी लाकडी नंदीपासून होते. पोरं ते चाकावरचे बैल ओढत घरोघर फिरत होती त्या संध्याकाळपासून एक बाळ मोजायला लागायचं, आणि ते यायचं खरिपाच्या तोंडाशी, घरात बियाण्याला पैसा नसताना. रकान्याला एवढं कुठे मावतं!

भाचीच्या वहीत एलएमपीच्याच पानावर एक ओळ होती: जी ३ पी २ एल १. मी तळहात ठेवून विचारलं, तिनं घडाघडा सांगितलं. तिसऱ्यांदा दिवस गेलेत, दोन बाळंतपणं झाली, एक मूल हयात. उत्तर बरोबर होतं, मी पुढच्या ओळीवर बोट नेलं. पण ती तिथेच राहिली. “मामा, पीमधून एल वजा केला तं एक उरते,” ती म्हणाली. “त्याचं काही नाव नसते इथं.” मी जन्मभर गणित शिकवलं. वजाबाकीचं इतकं शांत उत्तर मला कुठल्या पोरानं दिलं नव्हतं.

काही अक्षरं आमच्या भागात पाठ करावी लागत नाहीत, ती अंगणातूनच येतात. एएस आणि एसएस ही त्यांतली. सिकलसेलच्या तपासणीत एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. आणि आईबाप दोघंही एएस असले तर प्रत्येक खेपेला चारात एक मूल एसएस होण्याचा संभव. म्हणून विदर्भात आता शहाणी माणसं पोरीच्या लग्नाआधी रक्ताचा कागद बघतात. ३६ गुण जुळले तरी चालतील, ही दोन अक्षरं मात्र जुळू नयेत. ब्राह्मणाला दक्षिणा, लॅबवाल्याला फी, आणि मुलाकडच्यांना आधी कुणी विचारायचं यावर आठवडाभर घोळ. आणि ओपी. सगळ्या देशात ओपीडीतली पहिली दोन अक्षरं. आमच्या कपाशीच्या जिल्ह्यात ती ऑरगॅनोफॉस्फरसची, फवारणीच्या विषाची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि मजूर त्या फवाऱ्यानं गेले, शेकडो जण दवाखान्यात पडून होते. भाची तेव्हा शाळेत होती. तिच्या वहीत ओपीपुढे उलगडा लिहिलेला नव्हता, नुसतं लाल शाईत ओपी. “हे लिहा नाई लागत,” ती म्हणाली, आणि पान उलटलं.

वहीच्या शेवटच्या पानावर एसओएस होतं. ही खूण मला ठाऊक होती म्हणून मी जरा सरसावलो. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत ठरलेली बुडत्या जहाजाची हाक: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. आमच्या तालुक्याच्या वाट्याला आलेलं मोठं पाणी म्हणजे वर्धा नदी, आणि तिच्यात जहाज बुडावं एवढं पाणी उन्हाळ्यात तरी नसतं. तरीही गावच्या चिठ्ठ्या एसओएसनं भरलेल्या बघून मला काळजी वाटायची. भाचीनं समजूत घातली. डॉक्टरांचं एसओएस वेगळं, सी ओपुस सित, गरज पडली तर. समुद्रावर ज्या अक्षरांनी जीव घशाशी येतो, त्याच अक्षरांत चिठ्ठीवर सगळ्यात निवांत सल्ला असतो. जमलं तर घ्या, नाहीतर राहू द्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रावेरीच्या एक आजी गुडघ्याच्या गोळ्या घेऊन आमच्या ओसरीवर टेकल्या, तेव्हा भाचीला पहिला रुग्ण मिळाला. तिनं पाकीट हातात घेतलं, एसओएस वाचलं आणि उलगडून सांगितलं, “आजी, दुखन तं घेजा. नाई दुखलं तं नोका घेऊ.”

“दुखन म्हंजे?” आजी म्हणाल्या. “रोजच तं दुखते.”

“रोजच्यापरीस जास्त दुखन तवा.”

“अन् जास्त म्हंजे कितीक?”

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. आजींनी तोवर पाकिटाची घडी घालून ते कनवटीला खोचलं होतं. “राहू दे माय,” त्या उठता उठता म्हणाल्या, “पावन्यारावन्याच्या कामी येईन.”