आकाशातले कंट्रोलर

नाना एसटीच्या डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण ड्युटी काही सुटली नाही. आता फक्त गाड्या आकाशातून जातात, एवढंच. सोसायटीत कुणाचा मुलगा, कुणाची विहीण अमेरिकेला निघाली की फ्लाइट नंबर नानांकडे जमा करायचा. नाही केला तर ते दारात येऊन मागतात.

त्यांना अंतर मात्र विचारू नये. विचारलं की पृथ्वीगोल निघतो. दक्षिण ध्रुवाशी पोचा आलेला हा गोल म्हणजे नातवाची जप्त केलेली मालमत्ता. फरसाणाच्या पुड्याचा दोरा ते मुंबईवर अंगठ्याने दाबतात आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरतात. दोरा अरबस्तानाकडे जातच नाही. तो सरळ वर चढतो, नॉर्वे ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली उतरतो. "साडेबारा हजार किलोमीटर! गोलावर मोजा, वीतभर भरतं." भिंतीवरच्या सपाट नकाशाला ते लबाड म्हणतात.

गोलाला टाचण्याही टोचलेल्या आहेत. २०२२ साली रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, तेव्हा तिथे एक. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना वाट अडवली, तेव्हा कराचीत दुसरी. टाचणीला वळसा घातला की दोरा वाढतो, वेळ वाढतो आणि नानांचा आवाजही. "डायव्हर्शन!" हे ते अजून डेपोतल्याच सुरात ओरडतात.

समोरच्या जोशीकाकू एकदा भाबडेपणाने म्हणाल्या, "रात्री दीडला सुटलं नि सकाळी साडेसातला पोचलंसुद्धा! सहा तासांत!" नानांनी हातातला चहा खाली ठेवला. "न्यूयॉर्कचे साडेसात, वहिनी. हिवाळ्यात साडेदहा तास मिळवा, उन्हाळ्यात साडेनऊ. झाले साडेपंधरा." मग त्यांनी वाऱ्याचं प्रकरण काढलं. तिथे वरती वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो, म्हणून जाताना तो तोंडावर येतो आणि येताना पाठीवर. परतीचं विमान तास-दीड तास आधी पोचतं ते त्यामुळे. काकूंचं दूध तोवर उतू गेलं होतं. नानांच्या हिशेबात दूध बसत नाही. पुण्याहून सहारला जाताना लागणारा घाटातला ट्रॅफिकही बसत नाही, आणि त्यावरून घरात दर वेळी भांडण होतं.

परवा त्यांचा मुलगा आला. नाना आदल्या रात्रीपासून मोबाइलवरच्या नकाशात त्याच्या फ्लाइटचं पिवळं विमान इंच-इंच सरकताना बघत होते. जेवणसुद्धा ताट मांडीवर घेऊन. विमानतळावर मुलगा ट्रॉली ढकलत बाहेर आला, पाया पडायला वाकला.

"अकरा मिनिटं लेट," नाना म्हणाले. "बरं, ग्रीनलंड कसं दिसलं?"

"झोपलो होतो, बाबा. खिडकी बंद होती."

घाट चढून लोणावळा गेलं तरी नाना बोलले नाहीत. तळेगावच्या टोलनाक्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "खिडकीची सीट होती ना पण?"