अप्पांचा काटा

प्रत्येक कॉलनीत एक तरी गृहस्थ असा असतो, की ज्याच्या हाती पेन्शनबरोबर एखादं खूळही पडतं. कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो, कुणी पाणीपट्टीवरून महापालिकेशी पत्रव्यवहार करतो. आमच्या सांगलीच्या कॉलनीतले अप्पा केक करतात. नुसते करून थांबते तर प्रश्न नव्हता. ते घरोघरच्या जुन्या कृती जमवतात आणि मापात बसवतात.

अप्पांची उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली. दुकानोदुकानी फिरून वजनं तपासायची, खरी असतील त्यांच्यावर ठसा मारायचा, खोटी असतील ती जप्त करायची. असा माणूस निवृत्त होऊन स्वयंपाकघरात शिरला आणि तिथला कारभार बघून हादरलाच. एवढी भांडी, आणि ठसा एकावरही नाही! वाटी उलटी करून बघावी, तर तिच्यावर 'चि. सौ. कां. हिस मामांकडून' एवढंच. मामांनी वाटी दिली, माप दिलं नाही, ही अप्पांची तक्रार. 'मावेल तेवढा मैदा' म्हणणाऱ्या बाईकडे ते असे बघतात, जणू तिने पारड्याखाली चिंच चिकटवली आहे.

त्यांचं रजिस्टर बघण्यासारखं आहे. पोस्टातल्यासारखं लांबरुंद, लाल कापडी पाठीचं. रकाने असे: अनुक्रमांक, पदार्थ, कृती देणार, देणारीचं माहेर, मूळ माप, ग्रॅममधलं माप, शेरा. माहेरचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण एकच नानकटाई कोल्हापूरची असली तर तिच्यात बेसन निघतं, आणि नगरची असली तर कोल्हापूरकरणीला नावं ठेवायला बेसन निघतं.

कृती मिळवायला अप्पांना काळवेळ लागत नाही. मुंजीत, बारशाला, एसटीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर ते शेजारणीशी सहज बोलू लागतात आणि दहाव्या मिनिटाला खिशातून चिठोरं काढतात. एकदा तेराव्याच्या पंगतीत त्यांनी गेलेल्या आजींच्या खारी बिस्किटांचा विषय काढला. मुलगा डोळे पुसत होता. अप्पा म्हणाले, "सावकाश आठवा. लोणी घरचं होतं की विकतचं?" आणि खरं सांगायचं तर मुलगा डोळे पुसायचा थांबून पाऊण तास बोलला.

जुन्या वह्या मिळाल्या की अप्पांना दिवाळी. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे त्यांच्या तोंडावर. वर पायली गावोगाव वेगळी भरायची ही टीपही जोडतात. देशात मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८पासून लागू होऊ लागली, ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा चांगली पाठ आहे. काकूंनी हे पाहुण्यांसमोर अनेकदा बोलून दाखवलंय.

पण एका वहीने अप्पांना घाम फोडला. मिरजेच्या एका घरातली, शिसपेन्सिलीने लिहिलेली. नानकटाईच्या कृतीत मजकूर असा: 'दोन आण्यांचे वेलदोडे, चार आण्यांचं तूप.' आता ह्याचे ग्रॅम कसे करायचे? तुपाचा त्या वर्षीचा भाव हवा, आणि भाव हवा तर वर्ष हवं. वहीवर वर्ष नाही. अप्पा म्हणाले, सोपं आहे, नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, म्हणजे वही त्याच्या आधीची. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आपण चार आणे म्हणायचं कधी सोडलं हो?" खरंच की. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं, तोवर सगळा महाराष्ट्र त्याला चार आणेच म्हणत होता. वहीचा काळ पन्नासेक वर्षांनी लांबला. अप्पा अजून एका जुन्या किराणा दुकानाच्या माळ्यावरच्या वह्या चाळतायत. दुकानदाराच्या वडिलांची वजनं पूर्वी अप्पांनीच जप्त केली होती, त्यामुळे चहा मिळत नाही.

राजापूरच्या बाजूला त्यांची एक आत्या आहे. तिच्या हातचं धोंडस म्हणजे कोकणातला अस्सल केक. पिकलेल्या मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं. जाड बुडाच्या पातेल्यात सगळं ओतायचं, खाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे. "बघा, ओव्हन आपल्याकडे होताच," हे अप्पांचं आवडतं वाक्य, आणि ते बरोबरही आहे. तर अप्पा काटा घेऊन आत्याकडे गेले. आत्याने रव्याची मूठ भरली की अप्पा "थांब" म्हणत आणि मूठ काट्यावर रिकामी करवत. पहिली भरली ५२ ग्रॅम, दुसरी ६८, तिसरी ४५. अप्पांचा चेहरा उजळला. गुन्हा शाबीत!

"आत्या, तुझी एक मूठ दुसरीला मिळत नाही."

"मिळेल कशी, मेल्या? काकडीला पाणी सुटलेलं दिसलं नाही होय तुला? म्हणून दुसरी भरून घेतली. मग तू बोलण्यात लावलंस, तेवढ्यात रव्याने पाणी पिऊन टाकलं. म्हणून तिसरी हलकी."

दुसरा कुणी असता तर रजिस्टर मिटलं असतं. अप्पांनी फूटपट्टी काढली आणि नवा रकाना आखला: 'काकडीचे पाणी'. हाच त्यांचा खाक्या. पराभव झाला की रकाना वाढतो. 'हवेतील दमटपणा', 'तुपाचे वय', 'बोलण्यात गेलेला वेळ' हे रकाने असेच आले. पान पुरेना, तेव्हा बाजूला कागद चिकटवले. आता एक कृती वाचायची तर रजिस्टर दिवाणावर उलगडावं लागतं.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि दोन-तीन पिढ्या वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकल्या. अप्पा ह्या पुस्तकाला फार मानतात. वाटी हे निदान माप तरी आहे. फक्त प्रत्येक पुस्तकासोबत ठसा मारलेली एक वाटी द्यायला हवी होती, असं त्यांचं मत आहे.

कृती देणाऱ्या बायका काही कमी नसतात, हेही सांगायला हवं. निम्म्या जणी एक जिन्नस हळूच गाळतात. अप्पांना हे ठाऊक आहे. म्हणून ते तीच कृती त्या बाईच्या नणंदेला विचारतात. नणंद गाळलेला जिन्नस सांगते आणि वर वहिनीने तो का गाळला असेल तेही सांगते. एका घरात सासूबाईंच्या केकची कृती अप्पांनी थोरल्या जाऊबाईंच्या नावावर चढवली. धाकटीला ते कळलं. त्या घरात गेल्या दिवाळीला दोन फराळ झाले. अप्पांनी दोन्हीकडची चकली तोलून नेली.

मे महिन्यात नानकटाईचा हंगाम. घरून तूप, साखर, मैदा, रवा न्यायचा आणि बेकरीच्या भट्टीतून भाजून आणायचा, ही आमच्याकडची जुनी रीत अजून थोडीफार टिकून आहे. पहाटेची पावाची खेप निघाली की लाकडाच्या भट्टीची धग उतरत जाते, आणि ती उतरती धगच नानकटाईला मानवते. भट्टीवाला चिमूटभर मैदा आत टाकतो आणि तो किती लवकर तांबूस होतो ते बघून पत्रे सरकवतो. अप्पांनी एकदा लांबून ताप मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र नेलं. ते बाहेर काढताच पत्रे उचलणाऱ्या पोऱ्याने सवयीने कपाळ पुढे केलं. अप्पांनी त्याचाही ताप लिहून घेतला.

आता मुद्द्याचं. अप्पांचे केक कसे होतात? चूक काढायला जागा नसते आणि दुसरा तुकडा मागायला कारण नसतं. ते केकबरोबर अभिप्रायाचा तक्ता देतात आणि आम्ही सगळे 'मऊपणा: समाधानकारक' लिहून सही करतो. नानकटाईत मात्र अप्पांना तोड नाही, आणि इथे मी अंदाजवाल्यांच्या विरुद्ध आहे. तूप जरा जास्त झालं की नानकटाई पत्र्यावर पसरून तिची पोळी होते. मैदा जास्त झाला की दाताच्या डॉक्टरची सोय होते. तूप-साखर तळहाताने इतकी फेसायची, की चिमूटभर पाण्यात टाकली तर तरंगली पाहिजे. ही परीक्षा अप्पांना मनापासून पटते, कारण तिच्यात पास आणि नापास असे दोनच निकाल आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या नानकटाईचा पहिला डबा आमच्याकडे आला आणि तक्ता भरायच्या आत संपला.

एवढं सगळं असून रजिस्टरात एक कृती नाही. काकूंचा रव्याचा केक. त्या तो जुन्या वाळूच्या ओव्हनमध्ये करतात, झाकणाच्या काचेतून एकदा डोकावतात, वासावरून गॅस बंद करतात, आणि कॉलनीत तो सगळ्यांना हवा असतो. कृती विचारली की म्हणतात, "अहो, त्यात काय आहे? दही, रवा, साखर, तूप." किती, ह्यावर हसतात. एक माधवनगरच्या आजी आपली अननसाच्या बिस्किटांची कृती द्यायला तयार आहेत, पण अदलाबदलीत काकूंचाच केक हवा म्हणतात. अप्पांची कोंडी झाली.

शेवटी त्यांनी खात्यातली युक्ती काढली. काकू झोपल्यावर रव्याचा डबा तोलायचा आणि केक झाल्यावर पुन्हा तोलायचा. फरक म्हणजे कृती. पहिला हिशेब लागला: रवा फक्त १०० ग्रॅम. अप्पा चकित झाले, पण आकडा तो आकडा. त्यांनी तो रजिस्टरात चढवला, त्या मापाने केक केला आणि तो आम्हाला वाटीतून चमच्याने खावा लागला. तीन दिवसांनी उपम्यासाठी रवा काढताना डाव कशावर तरी खणकन वाजला. डब्याच्या तळाशी पितळेचं २०० ग्रॅमचं वजन होतं, अप्पांच्याच कपाटातलं. अप्पांनी ते पुसलं, उलटं केलं आणि चष्मा लावून बघितलं. ठसा अस्सल होता. त्याच संध्याकाळी त्यांनी रजिस्टरात आणखी एक रकाना आखला, आणि त्याला नाव काय द्यावं ते काकूंनाच विचारलं.